खाडे का वाढले? सोलापूरच्या कारखान्यांत कामगारांच्या मनाची काळजी घेण्याची रीत

सोमवारी खाडा, मंगळवारी तासभर उशीर, गुरुवारी "डोकं जड झालंय" म्हणून दुपारीच घरी. महिनाभर हे चाललं की मुकादम मालकाला सांगतो, "त्याचं कामात लक्ष नाही, दुसरा बघू." दुसरा येतो, तीन महिन्यांनी त्याचंही तेच. अशा वेळी माणसं बदलण्याआधी हजेरीपट नीट वाचायला हवा.

हा लेख अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या, पूर्व भागातल्या, पंधरा ते दीडशे माणसांच्या कारखान्यांसाठी आहे. टॉवेल-चादरींचे यंत्रमाग, प्रोसेसिंग, युनिफॉर्म शिवणारी गारमेंट युनिटं, त्यांची ऑफिसं. इथे वेगळा एचआर विभाग बहुधा नसतो. मालक असतो, हिशेब बघणारा क्लार्क असतो आणि मुकादम असतो. एवढ्या तिघांत हे काम होतं. फक्त क्रम चुकवायचा नाही: आधी काम, मग मुकादम, मग डॉक्टर. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून व्याख्याता बोलावतात, तणावमुक्तीवर तासभर भाषण होतं, नाश्ता वाटतात आणि त्या तासाचं उत्पादन भरून काढायला सगळ्यांना जादा थांबवतात. त्यापेक्षा काहीच न केलेलं बरं.

पहिलं काम: हजेरीपट उघडा

गेल्या तीन महिन्यांचा हजेरीपट घेऊन एक तास बसा. माणसागणिक बघू नका, खात्यागणिक आणि पाळीगणिक बघा. चार गोष्टी मोजायच्या: एकेका दिवसाचे सुटे खाडे (सलग रजा वेगळ्या काढा), उशिरा येणं, पाळी अर्धी टाकून जाणं, आणि काम सोडून गेलेली माणसं. शेजारी डॅमेज मालाची वही आणि प्रथमोपचाराची वही ठेवा. सुई बोटात जाणं, धागा तुटलेला वेळेवर न दिसणं, मापात चूक होणं हे पाळीच्या शेवटच्या दोन तासांत दाटलेलं दिसलं, तर ती माणसं थकलेली तरी आहेत किंवा झोपलेली नाहीत.

खाडे एकाच मुकादमाच्या हाताखाली किंवा पाळी बदलल्यानंतरच्या दिवशी जमा होत असतील, तर दुखणं त्या पाळीत आहे, त्या माणसांत नाही. तिथे समुपदेशक बसवून उपयोग होत नाही.

सोलापुरात आणखी एक गोष्ट ताडून बघावी लागते. शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी ज्या पेठेत पाणी, त्या दिवशी तिथल्या बायका उशिरा येणार. पेठ आणि पाण्याचा दिवस हजेरीशेजारी लिहून पाहा, निम्मे "बेशिस्त" शेरे तिथेच गळतील. त्या दिवशी तासभर उशिराची मुभा द्या आणि तो तास आठवड्यात भरून घ्या. दंड लावला तर बाई पहाटेपासून त्याच धास्तीत असते. वरून हे पाणीपुरवठ्याचं प्रकरण वाटतं, पण मानसिक आरोग्याचं काम अशाच ठिकाणी सुरू होतं.

दुसरं काम: विचारा, पण नाव न घेता

कामाचा ताण कशाकशातून येतो याची सहा कलमी मांडणी ब्रिटनच्या कामगार सुरक्षा खात्याने केली आहे: कामाचं ओझं, त्यावरचा आपला ताबा, मिळणारी मदत, आपसातली वागणूक, आपली भूमिका आणि होणारे बदल. आपल्या भाषेत हे प्रश्न असे होतात:

१. दिलेलं काम पाळीत उरकतं का?
२. पाळी, सुट्टी, कामाचा क्रम यांत तुमचं काही ऐकतात का?
३. अडलं तर कुणी धावून येतं का?
४. इथे सगळे शिवी-टोमणा न देता, अंगचटीला न येता, नीट वागतात का?
५. आपलं काम कोणतं आणि आठवड्याला किती पैसे पडणार, हे आधी कळतं का?
६. काही बदलणार असेल तर आधी सांगतात का?

प्रश्न मुद्दाम असे घातले आहेत की "हो" म्हणजे नेहमी चांगलं. एक जरी उलटा टाकला तरी मोजणीत गोंधळ होतो. कागदावर लिहून घेऊ नका. अक्षर ओळखू येतं, आणि लिहिता न येणारी माणसं मागे राहतात. तीन रंगांची बटणं किंवा सुताचे तुकडे वापरा: हिरवं हो, पिवळं कधीकधी, लाल नाही. सहा डबे, वर फडकं, खोलीत एका वेळी एकच माणूस. प्रश्न मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदीत मोठ्याने वाचून दाखवायचे. पूर्व भागातल्या कारखान्यात निम्म्या घरांत तेलुगू चालतं. माणूस हिशेब मराठीत सांगेल, पण दुःख घरच्याच भाषेत सांगतो. वाचणारा माणूस मुकादम नसावा. आठपेक्षा कमी माणसं असलेल्या खात्याचे डबे वेगळे ठेवू नका, कुणी काय टाकलं ते लगेच कळतं.

निकाल आठवड्याच्या आत फळ्यावर लावा आणि त्यातली एक गोष्ट महिन्याच्या आत बदला. विचारून काहीच केलं नाही तर पुढच्या वेळी सगळे हिरवंच टाकतील.

एक चूक इथे हटकून होते. नेटवरून नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ प्रश्नावली उतरवतात आणि सगळ्यांकडून नावानिशी भरून घेतात. ती डॉक्टरांच्या हातातली वस्तू आहे. तिचा नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर क्लार्कच्या फायलीत पडून राहिलं आणि पुढे काही झालं, तर काय तोंड दाखवणार?

तिसरं काम: आधी काम दुरुस्त करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पैसा. पीसवर काम करणाऱ्याला शनिवारपर्यंत आकडा माहीत नसेल तर तो सहा दिवस मनात बेरजा करत राहतो. प्रत्येक प्रकाराचा दर फळ्यावर लिहा. डॅमेजची कपात कोण ठरवतो, किती होते आणि त्यावर दाद कुणाकडे मागायची, हेही तिथेच. पगारासोबत चिठ्ठी द्या, हाताने लिहिलेली चालेल.

उचल आणि कर्ज. यंत्रमागात उचल ही जुनी चाल आहे. सणाला, लग्नाला, दवाखान्याला माणूस उचल घेतो आणि मग ती फिटेपर्यंत बांधला जातो. एकूण कपात पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ नये असं कायदा सांगतो. आमचं मत, एक चतुर्थांशाच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर माणूस घर चालवायला बाहेरून व्याजाने घेतो. बायकांच्या बाबतीत गटाने घेतलेल्या कर्जाचा हप्ता असतो. हप्त्याच्या दिवशीच खाडे पडतात का, बघा. मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, धाकदपटशा करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. वसुलीवाल्याला कारखान्याच्या गेटच्या आत घेऊ नका. चारचौघांत झालेला अपमान माणसाला हप्त्यापेक्षा जड जातो. बिगरपरवाना सावकाराची तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ खाली करता येते. हा कागद क्लार्कने लिहून दिला तरी मोठी मदत होते.

पाळी. दर आठवड्याला दिवस-रात्र उलटवणं शरीराला सगळ्यात वाईट. फिरवायचीच तर सकाळ, दुपार, रात्र अशी पुढे सरकवा, उलट नको. रात्रपाळी संपवून दिवसपाळीवर येताना मध्ये पूर्ण २४ तास मोकळे हवेत. दीर्घकालीन मानसिक आजाराची औषधं चालू असलेल्या माणसाला, विशेषतः बायपोलर (कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार) असेल तर, रात्रपाळी देऊच नये. एका रात्रीच्या जागरणानेही त्याचा आजार उसळू शकतो.

आवाज. माग चालू असताना शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही काळजीची रेषा मानतात, आणि मागांच्या शेडमधला आवाज तिच्या वर जातो. त्यामुळे दिवसभर दहा फुटांवर उभी असलेली दोन माणसं एकमेकांना शब्दही बोललेली नसतात. कानात प्लग तर द्याच, शिवाय पाळीत एकदा तरी वीस मिनिटं शेडबाहेर, एकत्र, बसायला जागा द्या. ज्याने त्याने आपापल्या मागाशेजारी डबा उघडायचा, ही पद्धत बंद करा. माणसाचा चेहरा उतरलाय हे बरोबर जेवणाऱ्याला आधी दिसतं.

ऊन. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२-४३ च्या घरात जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. उष्म्याने झोप मोडते, चिडचिड वाढते, भांडणं होतात. पण एक गोष्ट मुकादमाला पाठच करून द्या: उन्हाळ्यात कुणी अचानक असंबद्ध बोलायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, तर ते आधी उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओलं करून पंखा लावा, १०८ ला फोन करा. "डोक्यावर परिणाम झाला" म्हणून घरी पाठवलेला माणूस वाटेत दगावू शकतो. मधुमेह असेल तर साखर उतरल्यावरही माणूस असाच वागतो. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर साखर-पाणी द्या.

सण. गड्ड्याची यात्रा, आषाढी, मोहरम, उगादी या तारखा वर्षभर आधी माहीत असतात. सुट्टी महिनाभर आधी ठरवून फळ्यावर लावा. युनिफॉर्मच्या युनिटांत जूनच्या आधीचे महिने धावपळीचे. तेव्हा सुट्ट्या अडवणार असाल तर ते जानेवारीतच सांगा.

चौथं काम: मुकादम तयार करा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत वरिष्ठांच्या प्रशिक्षणावर भर आहे. आपल्याकडे वरिष्ठ म्हणजे मुकादम, लाइन सुपरवायझर. दीड-दीड तासाच्या दोन बैठका पुरतात. त्याला तीनच गोष्टी शिकवायच्या: ओळखणं, विचारणं, पुढे पाठवणं. आजाराचं नाव ठेवणं हे त्याचं काम नाही.

ओळखायचं कसं? "मला डिप्रेशन आलंय" असं मागावरचा माणूस म्हणत नाही. तो म्हणतो: झोप लागत नाही, जीव घाबरतो, छातीत धडधड होते, डोकं जड आहे, हातापायाला मुंग्या येतात, कशात मन लागत नाही. बोलका माणूस गप्प होतो, गप्प माणूस तंडायला लागतो. नीटनेटकी बाई विस्कटलेली येते. जवळजवळ रोज, दोन आठवडे हे चाललं तर विचारायची वेळ झाली.

विचारायचं एकट्याला गाठून, शेडबाहेर, बसून. मुकादम तिशीतला आणि विणकर पंचेचाळिशीतला असेल तर असं:

"अण्णा, बसा की जरा. चहा सांगितलाय."
"काय झालं? पीस खराब निघाला का?"
"पिसाचं नाही ओ. गेल्या दोन आठवड्यांत तीन खाडे पडले तुमचे. याआधी वर्षात तीन नसायचे. डबा पण तसाच परत नेता. बरं नाही का?"
"काही नाही. झोप नाही, दुसरं काय."
"कधीपासून?"
"...दिवाळीपासनं असंल."

इथे मुकादमाने गप्प राहायचं. मनातल्या मनात दहापर्यंत मोजायचं. नव्वद टक्के मुकादम या ठिकाणी "अहो, सगळ्यांनाच टेन्शन असतं" म्हणून मोकळे होतात, आणि दार बंद होतं. (टक्के आमच्या अंदाजाचे, पण कुठल्याही शेडमध्ये जाऊन पडताळा.) "मन घट्ट करा", "देवाचं नाव घ्या", "पोरांकडं बघा" हीदेखील दार बंद करणारीच वाक्यं. त्याऐवजी: "दिवाळीपासून म्हणजे लई दिवस झाले. एकट्यानं अंगावर काढू नका. गुरुवारी सकाळी सुट्टी घ्या, पगार कापणार नाही, डॉक्टरला दाखवून या. मी बरोबर येऊ का घरचं कुणी येईल?"

या बोलण्यात काय काय आहे ते पाहा. आरोप नाही, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आहे: खाडे, डबा. दिवस ठरला आहे, पगाराची भीती काढली आहे. "कधीतरी दाखवा" म्हटलं की माणूस कधीच दाखवत नाही. आठवड्याने पुन्हा एकदा चहा सांगायचा, तेवढंच.

बायकांच्या खात्यात हे काम एखाद्या वयस्कर अक्का-मावशीकडे द्या. तिथे नवऱ्याची दारू, मारहाण, सासरचा जाच निघतो, आणि तो पुरुष मुकादमापुढे निघत नाही. त्रास कारखान्यातल्याच कुणाचा असेल तर चहापाण्यावर मिटवू नका. दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समिती सक्तीची आहे. कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असल्यास आणखी तीन.

पाचवं काम: पुढे कुठे पाठवायचं

भिंतीवर एकच नंबर मोठा लिहा: १४४१६. हा केंद्र सरकारचा टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोनसेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं, तेलुगू आणि कन्नडमध्येही. नंबर फक्त ऑफिसच्या दारावर लावू नका. तिथे उभं राहून नंबर उतरवून घेणारा माणूस सगळ्यांना दिसतो. शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला आणि पगाराच्या चिठ्ठीच्या मागे छापा.

प्रत्यक्ष दाखवायला सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला ते जोडलेलं आहे आणि तिथे मानसोपचाराची ओपीडी असते. सकाळी लवकर जायचं, आधीचे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्यायची. पहिल्या खेपेला निम्मा दिवस जातो, म्हणून "तासाभरात ये" म्हणू नका.

ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असेल तर बरंच सोपं होतं. दहा किंवा जास्त माणसं आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार ही मर्यादा. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. त्या बदल्यात उपचार तर मिळतातच, शिवाय आजारपणाच्या रजेत सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतात. अट अशी की संबंधित सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. स्किझोफ्रेनियासारखे गंभीर मनोविकार दीर्घ आजारांच्या यादीत येतात. त्यांत जुन्या कामगाराला ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत लाभ वाढू शकतो. हे सगळं ईएसआयच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर चालतं, खासगी चिठ्ठीवर नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी दाखला तिथून घ्यायला सांगा. ७८ दिवस कमी भरल्यामुळे लाभ हुकतो तो बहुधा मालकाने वर्गणी उशिरा किंवा कमी दिवसांची भरल्यामुळे. ही चूक आपल्या टेबलावरची आहे.

ऑफिसच्या माणसांचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर पॉलिसी वाचा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे. तरी ओपीडीचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही.

देवऋषी, दर्गा, घरगुती उपाय यांवर हसू नका. हसलात तर माणूस तिकडेच जातो आणि सांगत नाही. "तिकडेही जा, पण गोळ्या बंद करू नका," एवढंच म्हणायचं.

दारूबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथे चांगल्या हेतूने जीव जातो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. माळ घातली की दारू सुटते ही श्रद्धा आहे, आणि अनेकांची खरोखर सुटतेही. पण वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सोडली तर पहिल्या दोन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन नसलेली माणसं दिसायला लागतात. ही तातडीची वैद्यकीय वेळ आहे. माळ घालायची तर जरूर घाला, आधी डॉक्टरकडे जाऊन आठवडाभराची औषधं ठरवून घ्या. मालकाने "उद्यापासून बंद, नाहीतर काम बंद" असा दम देऊन सोडवायला जाऊ नये.

आणीबाणीत काय करायचं

"माझ्या मागं पोरांचं बघा", "आता सगळ्यांचा हिशेब मिटवतो", आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, बरेच दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत होणं. असं दिसलं की सरळ विचारा: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. "हो" म्हणाला तर त्याला एका मिनिटासाठीही एकटं सोडायचं नाही. मशिनवरून उठवा, शांत खोलीत बसवा, घरच्यांना बोलावून त्यांच्या ताब्यात द्या, त्याच दिवशी सिव्हिलला न्या. वाटेत १४४१६ ला फोन लावा. धोका समोर असेल तर ११२ किंवा १०८. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका, ते पाळता येत नाही. "ज्याला कळणं गरजेचं आहे त्यालाच सांगेन" म्हणा. प्रोसेसिंगमधल्या रसायनांची खोली एरवीही कुलपात हवी आणि किल्ली एकाकडेच.

पोलिसांची भीती घालून लपवू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असं धरायचं, त्याच्यावर खटला नाही, आणि उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची. जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलमही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलेलं नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठीचा प्रयत्न तेवढा वेगळ्या कलमात आहे.

छातीत धडधड आणि गुदमरल्यासारखं पहिल्यांदाच होत असेल तर ते टेन्शन समजू नका, आधी ईसीजी. फिट आली किंवा "अंगात आलं" तर गर्दी हटवा, कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका, झटके थांबल्यावर कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८.

माणूस परत कामावर येतो तेव्हा

इथे जेवढी माणसं हातची जातात तेवढी आजारातही जात नाहीत. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्रास, म्हणजे मळमळ, सुस्ती, तोंड कोरडं पडणं, पहिल्याच आठवड्यात दिसतो. म्हणून दहाव्या दिवशी माणूस गोळ्या टाकून देतो. ते होऊ नये म्हणून येण्याआधी दहा मिनिटं बसून चार प्रश्न विचारा, आजाराचं नाव न विचारता: गोळ्यांनी झोप येते का, कोणत्या वेळी? उन्हाचा त्रास होतो का? पुढची तपासणी कोणत्या वारी? कोणतं काम आत्ता नको?

सुस्ती येत असेल तर पहिले दोन-तीन आठवडे चालती यंत्रं, कटिंग मशिन, बॉयलर यांपासून दूर ठेवा. पॅकिंग, तपासणी, कांड्या भरणं द्या. पीसवाल्याला या काळात रोजंदारी द्या, नाहीतर निम्मी कमाई झाली म्हणून तो स्वतःच मागावर जाऊन उभा राहील. पहिला आठवडा चार तास, दुसरा सहा, तिसऱ्यात पूर्ण, असा चढता क्रम बहुतेकांना झेपतो. डॉक्टर वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका.

सोलापूरसाठी एक खास धोका: बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी घामाने कमी झालं तर रक्तात औषधाचं प्रमाण वाढून विषबाधा होऊ शकते. हात जास्त कापणं, उलट्या-जुलाब, चाल अडखळणं ही खूण. पुढची गोळी न घेता लगेच डॉक्टरकडे. मनोविकाराच्या इतर काही औषधांनीही घाम कमी येतो आणि शरीर तापतं. मार्च ते जून अशा माणसाला भट्टीजवळ, स्टेंटरवर, साइझिंगला उभं करू नका, पाण्याची बाटली हाताशी द्या. अंगदुखीसाठी मेडिकलमधून मनाने गोळी घ्यायची नाही हेही सांगा. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी लिथियम वाढतं.

सहकाऱ्यांना काय सांगायचं ते त्यालाच विचारा. "तब्येत बरी नव्हती" एवढं पुरतं.

कागद आणि कुलूप

डॉक्टरांचा दाखला हजेरीच्या फायलीत लावू नका. वेगळं पाकीट, बंद कपाट, मालक आणि आणखी एकच माणूस. व्हॉट्सॲपच्या कारखाना ग्रुपवर "अमुक दवाखान्यात आहे" हेसुद्धा नको. फक्त मानसिक आजार आहे म्हणून काढून टाकणं तर नकोच. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो, आणि समान संधीचं धोरण प्रत्येक आस्थापनेने लिहून ठेवायचं आहे. दोन पानं पुरतात.

खर्च किती? बटणं, फळा, मुकादमांचे तीन तास, महिन्याला दोन-चार पगारी अर्ध्या सुट्ट्या. बाहेरचा समुपदेशक महिन्यातून एकदा आणायचा तर त्याला कारखान्याच्या ऑफिसात बसवू नका, जवळची एखादी तटस्थ खोली बघा. तो औषध देऊ शकत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञाचं काम. कोण आलं याची यादी मालकाने मागायची नाही, फक्त किती आले एवढा आकडा.

तीन महिन्यांनी पुन्हा हजेरीपट उघडा. सांगून घेतलेल्या सुट्ट्या वाढलेल्या दिसतील आणि मालक म्हणेल, हे तर उलटंच झालं. त्याला पुढचा रकाना दाखवा: न सांगता पडलेले सुटे खाडे. ते कमी झाले असतील तर माणसं बोलायला लागली आहेत. दोन्ही वाढले असतील तर तिसऱ्या कामाकडे परत जा, बहुतेक वेळा पाळी किंवा उचल राहून गेलेली असते.